थायरॉईडशी ३६ वर्षांची सोबत
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बिलासपूरच्या या मंडपात दरवर्षी डॉक्टर किंवा प्राध्यापक बोलतात. यंदा चिटणीसांनी मला धरले. मी डिप्लोमावाला, पी-वेचा माणूस. रूळ, स्लीपर आणि खडी यांपलीकडे अधिकाराने बोलावे असे माझ्याकडे फारसे नाही. पण एका विषयात माझी सीनिऑरिटी मोठी आहे. थायरॉईडची गोळी मी वयाच्या नवव्या वर्षापासून, म्हणजे १९८९ पासून घेतो आहे.

आमचे गाव जळगावजवळचे. आई दर दिवाळीला आम्हा भावंडांची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मांडून ठेवायची. माझ्या दोन दिवाळ्यांच्या खुणा जवळजवळ एकाच जागी आल्या. धाकटा भाऊ माझ्या पुढे गेला. वर्गात पेंग यायची, इतर पोरे उघडी हिंडत तेव्हा मी शाल पांघरून बसे. गुरुजी ऐदी म्हणत, शेजारच्या काकू दृष्ट काढायला सांगत, टॉनिकच्या बाटल्या तर किती झाल्या! आई मात्र चौकटीवरच्या खुणांवर अडून बसली. अखेर एका डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवले आणि निदान झाले. औषध सुरू झाल्यावर वर्षभरात माझ्या पँटी आखूड झाल्या.

थायरॉईड ही गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची लहानशी ग्रंथी. शरीराचा वेग तिच्या हाती. तिच्यावर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम चालतो, त्या हुकमाचे नाव टीएसएच. रिपोर्टमध्ये टीएसएच वाढला, की लोकांना वाटते थायरॉईड जास्त झाला. बहुधा नेमके उलट असते. आपल्याकडे स्टेशनवरून गाडी सुटली नाही, की कंट्रोलचे फोन वाढत जातात ना, तसे ते आहे. फोन वाढले म्हणजे गाडी अडली आहे!

माझी ग्रंथी माझ्याच शरीराच्या संरक्षक यंत्रणेने निकामी केली. जपानचे डॉ. हाशिमोटो यांनी १९१२ साली या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव त्याला आहे. आयोडीनच्या कमतरतेचा गलगंड वेगळा. त्यासाठी सरकारने १९६२ पासून कार्यक्रम राबवला आणि पुढे घराघरांत आयोडीनयुक्त मीठ आले. हल्ली काही घरांत ते बंद करून रोजच सैंधव वापरतात. उपासाला ठीक आहे, पण सैंधवात साधारणपणे पुरेसे आयोडीन नसते.

पथ्य म्हणाल तर एकच मोठे. गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर किमान अर्धा तास चहा नाही. रात्रीचा ब्लॉक संपवून पहाटे गँगबरोबर बसलो की चहाचा पहिला कप माझ्यासमोर थंड होतो, हे आमच्या लोकांना आता पाठ आहे. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र चार तास लांब ठेवाव्या लागतात. डोस मायक्रोग्राममध्ये असतो. एकदा हिशेब केला, आजवर पोटात गेलेले सगळे औषध मिळून दीड ग्रॅमही भरत नाही. एवढ्याशा औषधावर माणूस उन्हातान्हात पुश-ट्रॉलीवर हिंडतो! ठरावीक वर्षांनी होणाऱ्या मेडिकलमध्ये मी दर वेळी आजार लिहून देतो आणि दर वेळी फिट होऊन येतो.

आता ज्यासाठी मी उभा राहिलो ते सांगतो. माझ्या लग्नाच्या वेळी नातेवाईक म्हणाले, बोलू नका. वडिलांनी ऐकले नाही, पत्रिकेबरोबर रिपोर्टची झेरॉक्स दिली. दोन ठिकाणांहून नकार आला. तिसऱ्या ठिकाणी सासऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारले आणि पंधरा दिवसांनी होकार कळवला. मी मुलगा होतो, निभावले. हा आजार बायकांत कितीतरी जास्त, आणि आपल्या कॉलनीत मुलीला बघायला पाहुणे येणार म्हटले की गोळ्यांची बाटली कपाटात जाते. लग्नानंतर सासरीही ती कपाटातच राहते. मग दिवस गेले की खरा घोर. पहिले काही महिने गर्भाला आईच्याच हार्मोनवर वाढायचे असते, त्या काळात तिचा डोस बहुधा वाढवावा लागतो. दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना सांगून तपासणी करायला हवी. जिने आजारच लपवला आहे, ती कुणाला सांगणार?

आणखी एक. काही बाळांना हा दोष जन्मतःच असतो आणि वरून काही दिसत नाही. पहिल्या काही दिवसांत टाचेतून रक्ताचे दोन-चार थेंब घेऊन तो कळतो, आणि दोन आठवड्यांच्या आत औषध सुरू झाले तर मेंदूची वाढ सहसा नीट होते. सगळ्या दवाखान्यांत ही तपासणी आपणहून करत नाहीत. मागून घ्यावी लागते. आमच्या दोन्ही मुलांच्या वेळी आम्ही मागून घेतली.

चिटणीस घड्याळ दाखवताहेत, आरतीची वेळ झाली. कुणाला काही विचारायचे असेल, चारचौघांत नको असेल, तर प्रसादाच्या वेळी मी आणि सौ. दोघेही इथेच आहोत. गणपती बाप्पा मोरया!