कुलगुरूंची एक सही

रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी १९९१ सालची. बुकरच्या अंतिम यादीपर्यंत पोचलेली. मुंबई विद्यापीठात ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, इंग्रजी साहित्याच्या मुलांना लावलेली होती. २०१०च्या सप्टेंबरात शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने तिच्या प्रती जाळल्या. शिवसेनेबद्दल आणि मराठी माणसांबद्दल त्यात वाईटसाईट लिहिलंय, ही तक्रार. पुढाकार घेणारे आदित्य ठाकरे तेव्हा झेवियर्सचे विद्यार्थी. मिस्त्रीही त्याच कॉलेजातले.

वाईटसाईट आहे, नाही कशाला म्हणा? १९७१च्या सुमाराची मुंबई, पारश्यांची चाळवजा इमारत, बँकेत नोकरी करणारा गुस्ताद नोबल. त्याच्या भोवतालची माणसं वैतागली की तोंडाला येईल ते बोलतात. पण त्याच कादंबरीत इमारतीची एक भिंतही आहे. येणारे-जाणारे तिथे लघवीला बसतात, घाण, डास. गुस्ताद फुटपाथवरच्या एका चित्रकाराला गाठतो. तो भिंतभर सगळ्या धर्मांचे देव आणि संत रंगवतो, आणि लोक तिथे हात जोडू लागतात. पुढे ती भिंतही पाडली जाते. यावर वर्गात वाद रंगायला हवा होता.

जाळणाऱ्यांवर मी वेळ घालवत नाही. पुस्तक जाळणं मला ओंगळ वाटतं, पण निदान ते चारचौघांत होतं. मला खुपते ती पुस्तक अभ्यासक्रमातून काढणारी सही. अभ्यासक्रमात पुस्तक येतं ते अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्वत परिषद अशा पायऱ्या चढून. काढताना मात्र कुलगुरू राजन वेळूकर यांनी १९९४च्या विद्यापीठ कायद्यातला आणीबाणीचा अधिकार वापरला. एकोणीस वर्षं दुकानात मिळणाऱ्या कादंबरीने कसली आणीबाणी ओढवली होती? झेवियर्सचे प्राचार्य फ्रेझर मस्करेन्हस यांनी उघडपणे विरोध नोंदवला. खरं तर ही शिकवणाऱ्यांचं मत घेऊन ठरवायची गोष्ट होती.

दिल्ली विद्यापीठात पुढच्याच वर्षी मत घेतलं, तेही धाब्यावर बसवलं. ए. के. रामानुजन यांच्या रामकथांवरील निबंधासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. चौघांपैकी तिघे निबंधाच्या बाजूचे. तरी विद्वत परिषदेने तो काढला.

आपल्याकडे १९९४चा कायदा जाऊन २०१६चा आला. कुलगुरूंचा तातडीचा अधिकार त्यातही आहे, आणि तो असावाही. ऐन परीक्षेत पूर आला तर कुणीतरी निर्णय घ्यायलाच हवा. फक्त पाठ्यपुस्तक त्या कलमाच्या कक्षेबाहेर ठेवा, एवढी दुरुस्ती अधिसभेतल्या एखाद्या प्राध्यापकाने तरी मागावी.