बंब कोणाचा?

आग लागली की सारा गाव धावतो. बंब कोणी बाळगायचा, हा प्रश्न मात्र आग विझल्यावर निघतो. मुंबईत हे काम पूर्वी पोलिसांकडे असे. १८८८च्या कायद्याने ते महापालिकेवर सोपविले. १९९२च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सातव्या क्रमांकावर घातले. ते नगरपालिकांना द्यायचे की नाही, हे राज्यांच्या विधिमंडळांच्या मर्जीवर! दिल्लीत तर उलटच झाले. तेथील दल १९९४ साली महापालिकेकडून दिल्ली सरकारकडे गेले. लहान नगरपालिकेची अडचण निराळी. बंब अनुदानातून एकदा मिळतो. पण चालकाचा पगार, नळ्यांची दुरुस्ती, रात्रपाळीची माणसे, हा खर्च दरमहाचा, आणि तो केवळ घरपट्टीतून भागत नाही. जबाबदारी देताना राज्याने हा खर्चही बांधून दिला पाहिजे. नाहीतर नवाकोरा बंब छपराखाली उभा, आणि हाकायला माणूस नाही.