उजवीकडून येणारी सायकल

आदरणीय गुरुजन आणि १९९५ च्या दहावीच्या माझ्या सोबत्यांनो,

शाळेत आणि पुढे इंजिनिअरिंगलाही मी कधी नापास झाले नाही. झाले ती चाळिशीत, जर्मनीत, आणि तेही गाडी चालवण्यात!

कंपनीच्या कामासाठी आम्ही म्युनिकला राहायला गेलो. तिथे राहायला गेल्यावर आपलं लायसन्स सहा महिनेच चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखीला ३० प्रश्न. पाठांतराची आपल्याला सवय, पहिल्याच फटक्यात पास. प्रत्यक्ष परीक्षेत मात्र वस्तीतल्या एका चौकात मी सरळ पुढे निघाले. सिग्नल नव्हता, पाटी नव्हती. उजवीकडच्या गल्लीतून पाठीवर दप्तर घेतलेली एक मुलगी सायकलवर येत होती. ती थांबेल, असं मी गृहीत धरलं. शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्या बाईंनी त्यांच्याकडचा ब्रेक दाबला. परीक्षा तिथेच संपली.

पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग ती मोटार असो की सायकल, हा तिथला नियम. तो मला पाठ होता. तरी ती थांबेल असं का वाटलं? आठवतं ना, माजलगावच्या रस्त्यावर मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला, की आपण सायकली खाली मुरमात उतरवायचो? लहानाने मोठ्याला वाट द्यायची, हेच आपल्या अंगात मुरलं. फरक एवढाच, की आता मोटारीत मी होते.

खरी लाज पुढेच वाटली. मला बीडला लायसन्स मिळालं तेव्हा लागू असलेली १९८९ ची आपली नियमावली काढून वाचली. चौकात मुख्य रस्त्यावरच्या गाडीला वाट द्या, एरवी उजवीकडून येणाऱ्याला, असं तीत स्पष्ट लिहिलं होतं. मी ती कधी उघडलीच नव्हती.

दुसऱ्या खेपेला पास झाले. पण तेव्हा डोळ्यांसमोर आपले पीटीचे सर होते. शाळा सुटली की शिट्टी घेऊन ते रस्त्यात उभे राहायचे, ट्रक थांबवायचे आणि आपल्या सायकली आधी काढून द्यायचे. सर, तो धडा मला इतक्या वर्षांनी समजला.

आज आपण बहुतेकजण गाड्या घेऊन आलो आहोत. जाताना चौकात एखादी पोरगी सायकलवर दिसली, तर हॉर्न न वाजवता थांबूया. ती बिचकेल, तिला सवय नाही. हाताने 'जा बाळा' म्हणूया.