गुमर्सबाखचे हायनर ब्रांड

जर्मनीतील कोलोन शहराच्या पूर्वेस, डोंगराळ मुलखात गुमर्सबाख हे लहानसे शहर आहे. हायनर ब्रांड यांचा जन्म १९५२ साली तेथेच झाला आणि खेळाडू म्हणून त्यांची सारी कारकीर्द तेथील व्ही.एफ.एल. या हँडबॉल संघातच गेली. त्यांचे काम मुख्यत्वे बचावाचे. म्हणजे मार अधिक, टाळ्या कमी! १९७८ साली कोपनहेगन येथे सोव्हिएत संघाचा २०-१९ असा पराभव करून पश्चिम जर्मनी जगज्जेता ठरला. त्या संघात ते होते. २००७ साली जर्मनीने पुन्हा हा मान मिळविला, तेव्हा ते प्रशिक्षक होते.

परंतु गावकऱ्यांना अभिमान वाटावा अशी गोष्ट याहून वेगळी आहे. क्लबातील त्यांचे सहकारी योआखिम डेकार्म १९७९ साली हंगेरीतील टाटाबान्या येथे सामन्यात कोसळले. डोक्यास जबर इजा होऊन ते १३१ दिवस बेशुद्ध होते व पुढे कायमचे परावलंबी झाले. डेकार्म मूळचे सारब्रुकनचे. तथापि २००२ साली त्यांची व्यवस्था गुमर्सबाखमधील शुश्रूषागृहात करण्यात आली आणि ब्रांड व जुने सहकारी त्यांची विचारपूस करीत राहिले.