उद्या कामावर कोण?

(स्नेहसंमेलनातील भाषण)

आदरणीय गुरुजन आणि १९९७ साली माझ्याबरोबर दहावीच्या बाकांवरून उठलेल्या मित्रमैत्रिणींनो,

सकाळी चहाच्या वेळी एका मैत्रिणीने विचारलं, "म्हणजे तू नेमका करतंस काय गो?" इतकी वर्षं मी "सॉफ्टवेअरमध्ये आहे" एवढं सांगून सुटत आले. पण गणिताचे सर समोर बसले आहेत. अर्ध्या उत्तराला ते अर्धेच गुण द्यायचे, म्हणून आज पूर्ण उत्तर देते.

मी गोदामांसाठी प्रोग्राम लिहिते. तुम्ही मोबाईलवर मागवलेला मिक्सर बहुधा भिवंडीजवळच्या एखाद्या गोदामातून निघतो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी येण्याआधी केंद्रीय विक्रीकर वाचवायला कंपन्या राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवत. नंतर ती गरज उरली नाही. छोटी गोदामं बंद झाली आणि मोक्याच्या ठिकाणी प्रचंड मोठी उभी राहिली. एका छपराखाली शेकडो माणसं काम करू लागली.

पण काम रोज सारखं नसतं. दिवाळीआधी रात्रपाळी लावूनही पुरत नाही, नंतर निम्मं होतं. म्हणून मालक थोडी माणसं कायम ठेवतो आणि बाकीची ठेकेदाराकडून गरजेप्रमाणे घेतो. उद्या किती माणसं लागतील, आणि त्यात कोणाला बोलवायचं, याची यादी संध्याकाळी तयार करणारा प्रोग्राम आमच्या गटाने लिहिला. नाव यादीत असेल तर मोबाईलवर निरोप येतो. नसेल तर काहीच येत नाही.

हे काम मिळालं तेव्हा मला फार नवीन वाटलं होतं. घरी सांगितलं तर माझे काका म्हणाले, "म्हणजे बदलीच की!" काका परळच्या गिरणीत बदली कामगार होते. पाळी सुरू होताना गेटवर उभं राहायचं. कोणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर परत गाववाल्यांच्या खोलीवर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ते गेटही बंद झालं. आपल्यापैकी किती जणांचे वडील त्या वर्षी ट्रंक घेऊन गावी परतले, ते इथे हात वर करून सांगायची गरज नाही.

आता माझी चूक सांगते. आमची यादी माणसाने तासाला किती वस्तू स्कॅन केल्या यावर लागत होती. एकदा तक्रारी तपासताना एक नाव दिसलं. बावीस वर्षांची मुलगी, पत्ता आपल्याच तालुक्यातला. तिला दहा दिवस बोलावणं नव्हतं, कारण तिचा आकडा कमी होता. खोलात गेले तेव्हा कळलं की तिला कायम मागच्या टोकाच्या रॅककडे लावत होते. तिथे एक वस्तू आणायला इतरांच्या दुप्पट चालावं लागे. आम्ही वस्तू मोजल्या, पावलं मोजली नव्हती. हिशोब बदलून तो मंजूर करून घ्यायला तीन आठवडे लागले. तोवर ती काम सोडून गेली होती. काकांना गेटवरचा मुकादम निदान तोंड दाखवून नाही म्हणत होता. त्या मुलीला नाही म्हणणारी मी होते, आणि मला ते माहीतही नव्हतं.

हे इथे का सांगते? कारण आता आपली मुलं त्या रांगेत आहेत. सावंतवाडी-बांद्याची मुलं रोज दुचाकीवरून गोव्यातल्या कारखान्यांत जातात. मालवण-कुडाळची वेर्ण्याला खोली करून राहतात. आणि इकडे आंब्याच्या बागेत, होडीवर माणूस मिळत नाही म्हणून नेपाळहून येतो. आपल्या मुलांना काम नको असं लोक म्हणतात. मला वाटतं, त्यांना उद्याचा भरवसा हवा आहे. तो बागेत मिळाला नाही म्हणून ती कारखान्यात गेली. तिथे तो मिळतो का, हे विचारायला मात्र आपण त्यांना शिकवलं नाही.

नोकरी लागली म्हणून पेढे वाटण्याआधी एवढं विचारा. नेमणूक कोणाकडून, कंपनीकडून, ठेकेदाराकडून, की शिकाऊ उमेदवार म्हणून? शिकाऊ असेल तर पीएफ नसतो. ठेकेदाराकडून असेल तर पीएफचा यूएएन क्रमांक घ्या आणि पैसे जमा होतात का ते मोबाईलवर स्वतः पाहा. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र मिळायला हवं. ठरावीक मुदतीच्या नोकरीतही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. कागद मागितला म्हणून कोणी उद्धट होत नाही.

दुसरं म्हणजे, मी रोज पाहते की नुसती खोकी उचलणारा सहज बदलला जातो. फोर्कलिफ्ट चालवणारा, पट्टा बंद पडला तर दुरुस्त करणारा, विजेचं काम जाणणारा तसा बदलता येत नाही. आयटीआयचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियन म्हणजे नापासांची जागा, असं आपल्या वेळी समजायचे. ते आता तरी सोडूया.

शाळेला माझी एक विनंती आहे. दरवर्षी दहावी झाल्यावर एक दिवस मला द्या. नेमणूकपत्र कसं वाचायचं, पगारपत्रकातली कपात कशी तपासायची, एवढंच शिकवीन. सुट्टी मी काढीन. तुमच्यातल्या बँकवाल्यांनी आणि वकिलांनी सोबत यावं.

त्या मुलीचा फोन नंबर माझ्याकडे होता. नियमाप्रमाणे मला फोन करता येत नव्हता, आणि खरं सांगायचं तर धीरही झाला नाही. ती कदाचित याच रस्त्यावरून रोज जात असेल. तिच्या धाकट्या भावंडांपर्यंत तरी वेळेत पोचावं, एवढीच इच्छा आहे.

सर, उत्तर पूर्ण झालं. गुण तुम्ही द्या.