बांडगूळ नव्हे, आमरी!



मृगाचा पाऊस पडला, की आपल्या सह्याद्रीच्या गावांत आंब्याच्या फांदीवर फुलांचा एक गजरा लोंबू लागतो. फुलं लहान, गुलाबी, जांभळ्या ठिपक्यांची. वास गोड. ही आमरी.

आपण तिला काय म्हणतो? "बांडगूळ!" आणि कोयता चालवतो. मीसुद्धा चालवला होता. एका सकाळी आंब्यावरच्या साऱ्या आमऱ्या खरवडून टाकल्या. खरं बांडगूळ वरच्या फांदीवर तसंच राहिलं!

मग ओळखायचं कसं? मूळ बघा. बांडगुळाचं मूळ फांदीच्या आत घुसतं आणि झाडाचा रस पितं. पुढची फांदी वाळते. ते जरूर काढावं. आमरीची मुळं सालीला वरूनच धरून असतात. ती जाड आणि पांढरी असतात. भिजली, की हिरवट दिसतात. ती पावसाचं पाणी आणि हवेतला ओलावा घेतात. आमरी आपलं अन्न आपल्या पानांत आपणच तयार करते. आंब्याकडे ती फक्त बसायला जागा मागते.

आमरीचं बी धुळीसारखं बारीक असतं. त्यात अन्नाचा साठा नसतो. ठरावीक बुरशीची साथ मिळाली, तरच ते रुजतं. रोपाला फुलं यायला कित्येक वर्षं लागतात. म्हणून रानातली आमरी उपटू नका, विकू नका.

पण वाऱ्यानं फांदी मोडून आमरी खाली पडली, तर ती घरी आणा. कुजलेली मुळं कापून टाका. पावसाच्या तोंडी दारच्या आंब्याला किंवा फणसाला काथ्यानं अलगद बांधा. साल खरबरीत हवी. सकाळचं कोवळं ऊन हवं, दुपारी सावली हवी. मुळांवर माती घालू नका, शेण लिंपू नका. त्यानं मुळं कुजतात. पावसाळ्यात वेगळं पाणी नको. पाऊस संपल्यावर सकाळी मुळांवर पाणी शिंपडा. मुळं सुकली, की मगच पुन्हा शिंपडा. नवी मुळं सालीला घट्ट चिकटली, म्हणजे काथ्या सोडा.

मीही अशीच एक पडलेली आमरी आणून बांधली. तिसऱ्या पावसाळ्यात तिला गजरा आला. वास ओसरीपर्यंत येत होता. पण खरवडलेल्या आमऱ्या काही परत आल्या नाहीत.

तेव्हा मंडळी, कोयता उचलण्याआधी एकदा मूळ बघा. एवढंच माझं सांगणं. राम राम!