मेलबर्न विद्यापीठ : अध्यापन, संशोधन आणि विद्यार्थ्याची निवड



1853 साली व्हिक्टोरिया वसाहतीच्या विधिमंडळाने कायदा करून मेलबर्न विद्यापीठाची स्थापना केली. दोनच वर्षांपूर्वी लागलेल्या सोन्याच्या शोधाने वसाहतीत संपत्ती आली होती. 1855 मध्ये अवघ्या 16 विद्यार्थ्यांनिशी अध्यापन सुरू झाले. मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे 1857 मध्ये स्थापन झाली. मात्र लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर प्रारंभी त्यांचे मुख्य कार्य परीक्षा घेणे हेच होते.

मेलबर्नमध्येही संशोधनाची पदवी उशिराच आली. तेथे वैद्यकशास्त्र शिकलेल्या मॅकफार्लेन बर्नेट यांना पीएच.डी.साठी लंडन गाठावे लागले. पुढे 1960 मध्ये रोगप्रतिकारशास्त्रातील कार्याबद्दल ते नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी ठरले. ऑस्ट्रेलियातील पहिल्या पीएच.डी. पदव्या मेलबर्न विद्यापीठाने 1948 मध्ये प्रदान केल्या.

2008 पासून या विद्यापीठाने अभ्यासक्रमांची फेररचना केली. विद्यार्थी प्रथम कला, विज्ञान, वाणिज्य यांसारखी व्यापक पदवी घेतो. वैद्यक वा कायद्याचे व्यावसायिक शिक्षण त्यानंतर येते. बारावीनंतर थेट वैद्यकीय प्रवेशाची सवय असलेल्या भारतीय कुटुंबाने हा वाढीव कालावधी व खर्च आधीच हिशेबात धरावयास हवा.

पदव्युत्तर पातळीवर दोन वाटा आहेत. पहिली, वर्गाध्यापनावर आधारित पदवी. तिचे शुल्क बहुधा विद्यार्थ्यालाच भरावे लागते आणि ऑस्ट्रेलियन नागरिकांना मिळणारे सरकारी शैक्षणिक कर्ज परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही. दुसरी, संशोधन पदवी. तिच्यासाठी 2017 पासून ‘रिसर्च ट्रेनिंग प्रोग्रॅम’द्वारे केंद्र सरकार विद्यापीठांना निधी देते. त्यातील शिष्यवृत्त्या परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या आहेत. परंतु त्या मर्यादित असून गुणवत्तेवर मिळतात. अर्जापूर्वी योग्य मार्गदर्शक शोधून त्याची संमती मिळविणे येथे निर्णायक ठरते.

निर्वाहखर्चाचाही विचार आवश्यक आहे. विद्यार्थी व्हिसासाठी दाखवावयाची वार्षिक निर्वाहरक्कम मे 2024 मध्ये 29,710 ऑस्ट्रेलियन डॉलर करण्यात आली. शिक्षणशुल्क व प्रवासखर्च त्याहून वेगळे.

विद्यापीठाची कीर्ती प्रामुख्याने संशोधनावर उभी असते. कर्ज काढून जाणारे अनेक विद्यार्थी मात्र वर्गाध्यापनाची पदवी घेतात. दोन्ही वाटा सन्मानाच्या आहेत. मात्र एकीच्या लौकिकावर विसंबून दुसरीची किंमत मोजली जाऊ नये, एवढे भान निवड करताना विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी राखले पाहिजे.